न मोजलेले तास

आठवड्याला ३० तास, वर्षाचे ५२ आठवडे, गुणाकार १,५६०. कॅनडात कायमचे राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे घराघरात बोलल्या जाणाऱ्या ‘पीआर’चा, सर्वात रुळलेला रस्ता या आकड्यावरून जातो. ‘कॅनेडियन एक्स्पिरिअन्स क्लास’मधून अर्ज करायचा तर मागच्या तीन वर्षांत कुशल कामाचे एवढे तास भरलेले असावे लागतात. पुणे, ठाणे, नाशिकहून गेलेला विद्यार्थी दोन वर्षांच्या पदविकेच्या काळात दुकानात, गोदामात, उपाहारगृहाच्या काउंटरवर एवढे तास सहज भरतो. फक्त ते धरले जात नाहीत. पूर्णवेळ शिक्षण चालू असताना केलेले काम कितीही कुशल असो, या वर्गाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. त्याच पगारातून निवृत्तिवेतनाची आणि बेरोजगारी विम्याची वर्गणी मात्र नेमाने कापली जाते. म्हणजे एका सरकारी खात्याला जे तास चोख दिसतात, त्यांच्याकडे दुसऱ्या खात्याची पाठ असते.

आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज आहे तो पुढच्या टप्प्याबद्दल. ‘पीआरची फाइल टाकली’ की आता कामाला मोकळीक मिळाली, असे मानणारे पालक आणि विद्यार्थी कमी नाहीत. नुसती फाइल टाकल्याने कामाचा हक्क मिळत नाही. विद्यार्थी परवान्यावर असणाऱ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते, मग त्याचा अर्ज कोणाच्याही टेबलावर असो. मर्यादा मोडली तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवे येते. शिक्षणानंतर मिळणारा कामाचा परवाना, ‘पीजीडब्ल्यूपी’, आयुष्यात एकदाच मिळतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तेवढ्यात कुशल नोकरी शोधायची, वर्ष भरायचे, अर्जाचे निमंत्रण देणाऱ्या गुणांच्या सोडतीकडे डोळे लावून बसायचे आणि निमंत्रण आले की ६० दिवसांत सगळी कागदपत्रे जमवून अर्ज करायचा. परवाना संपायच्या आत हा अर्ज दाखल होऊन परिपूर्ण ठरला, तरच मधल्या काळासाठी ‘ब्रिजिंग’ परवाना मिळू शकतो. निमंत्रण महिनाभर लांबले तर पूल गेला आणि समोर नुसती नदी उरली.

‘कुशल’ म्हणजे काय, हेही एका आकड्यात लपलेले आहे. कॅनडाच्या व्यवसाय-सूचीत प्रत्येक कामाला पाच अंकी क्रमांक असतो आणि त्यातला दुसरा अंक कामाची श्रेणी सांगतो. शून्य ते तीन चालतात, चार-पाच चालत नाहीत. उपाहारगृहात काउंटरवर उभा राहणारा ६५२०१. त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्यावर देखरेख करणारा ६२०२०. दोघांच्या मधे तीन पावलांचे अंतर, पण एकाचे वर्ष मोजले जाते आणि दुसऱ्याचे वाया जाते. साहजिकच ‘सुपरवायझर’ या शब्दाला बाजारभाव आला. नोकरीच्या पत्रावर कोणते पद लिहायचे हे मालकाच्या हातात, म्हणून सुट्टी कधी, पगार किती आणि रोखीत किती, हेही त्याच्याच हातात. नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुण कॅनडाने मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, कारण त्यासाठी लागणाऱ्या कागदांची सर्रास विक्री होत होती. मालक मायदेशाचाच निघाला म्हणून या विक्रीत सवलत मिळत होती, असे कोणी सांगितलेले नाही.

कोणाला ठेवून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कॅनडाचा आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो खेळ रंगात आल्यावर नियम बदलण्याबद्दल. २०२१ मध्ये याच देशाने तिथे शिकलेल्या ४० हजार परदेशी पदवीधरांसाठी पीआरची खास वाट उघडली. त्या जागा जेमतेम दिवसभरात भरल्या. महामारीनंतर माणसे कमी पडू लागली तेव्हा, १५ नोव्हेंबर २०२२ ला, बहुतेक विद्यार्थ्यांवरची तेव्हाची २० तासांची मर्यादा उठवली आणि ३० एप्रिल २०२४ ला पुन्हा लादली. दरम्यान घरभाडी कडाडली, मतदार रागावला आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्क्यांनी उतरवून गोठवले, तेव्हापासून तिथली कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अधिकाधिक विसंबत गेली, याची आठवण त्या रागाच्या भरात फारशी कोणी काढली नाही. जिथे तास हवे होते तिथे ते घेतले, शुल्क हवे होते तिथे शुल्क घेतले, आणि हिशेबाची वेळ आली तेव्हा विद्यार्थी ‘तात्पुरता’ ठरला.

कॅनडाचा कायदा तर उलट सांगतो. स्थलांतर कायद्याच्या २२ व्या कलमानुसार कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. मुदत संपल्यावर माणूस परत जाईल एवढी अधिकाऱ्याची खात्री पटली म्हणजे झाले. दोन इच्छा एकत्र नांदू शकतात हे ज्या देशाने कायद्यात लिहून ठेवले, त्याने निदान प्रवेश घेतेवेळी लागू असलेले नियम त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत लागू ठेवावेत. शिकताना केलेल्या कुशल कामाचे निम्मे तास धरले, तरी त्या देशाचे आकाश कोसळणार नाही.

गुणांची शर्यत कशी होती पाहा. २०२५ मध्ये ‘कॅनेडियन एक्स्पिरिअन्स क्लास’च्या सोडतींत ५०० च्या वर गुण लागत राहिले, तर फ्रेंच येणाऱ्यांसाठी मार्चमधली एक सोडत ३७९ वर थांबली. बारावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेऊन परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती विसरणारी आपली हजारो मुले आहेत. त्यांपैकी काही आता ब्रॅम्प्टनमध्ये रात्रपाळी आटोपून तीच क्रियापदे पुन्हा घोकत असतील, तर नवल नाही.

पण ओटावाला बोल लावून आपली सुटका नाही. राहते घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला ‘मुलगा तिथे कमावून हप्ते फेडेल आणि तीन वर्षांत पीआर’ हे गणित कोणी शिकवले? निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १० हजारांवरून थेट २०,६३५ डॉलर झाली, ती जुन्या रकमेत तिथला खर्च भागत नव्हता म्हणूनच. हे सल्लागाराच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. २०२३ मध्ये जालंधरच्या एका सल्लागाराची बनावट प्रवेशपत्रे गाजली. त्यातल्या अनेक विद्यार्थ्यांना ती बनावट असल्याचे कळले ते शिक्षण आणि नोकरी करून पीआरचा अर्ज भरल्यावर. पंजाबात अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा २०१२ पासून आहे. तरीही हे घडले, म्हणजे नुसता परवाना पुरत नाही. विद्यार्थी पाठवल्याबद्दल परदेशी कॉलेजकडून सल्लागाराला किती दलाली मिळते, तो अभ्यासक्रम संपल्यावर कामाचा परवाना मिळतो की नाही आणि शिकतानाचे तास कशात धरले जात नाहीत, हे तिन्ही शुल्काच्या पावतीवर मराठीत छापणे बंधनकारक करता येईल. त्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला कॅनडाच्या व्हिसाची वाट पाहावी लागत नाही.