दिव्या म्हणते, एंडगेम शिकायला हवा! बुद्धिबळाचा डाव नेमका कुठे फिरतो?

कोल्हापूर : नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर तिचं म्हणणं काय होतं, तर आपल्याला एंडगेम शिकायला हवा! विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूने असं का म्हणावं?

कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. टायब्रेकचा पहिला रॅपिड डावही तसाच. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. रॅपिडमध्ये प्रत्येकी 15 मिनिटं, वर चालीमागे 10 सेकंद. डाव सत्तर चालींच्या पुढे गेला. पटावर मोजकी मोहरी आणि घड्याळात मोजका वेळ उरला, तेव्हा दोघींकडून चुका झाल्या. शेवटची चूक हम्पीची होती.

सलामी आणि निकाल

कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं, तर ओपनिंग म्हणजे सलामी आणि मिडलगेम म्हणजे खडाखडी. सलामीचे डाव आता सगळेच कॉम्प्युटरवर घोटून येतात. एंडगेमला मात्र दम लागतो.

सर्वात स्पष्ट उदाहरण 12 डिसेंबर 2024 चं. सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत डी. गुकेश आणि डिंग लिरेन 6.5-6.5 असे बरोबरीत होते आणि 14 वा, शेवटचा डाव सुरू होता. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंगने घोडा एफ3 वर काढून शांत सुरुवात केली. पुढे मोहऱ्यांची अदलाबदल होत गेली. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण हत्ती आणि उंट पटावर असेपर्यंत डिंगला डाव वाचवता येत होता.

55 व्या चालीला डिंगने हत्ती एफ2 वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. घोळ इथेच झाला. त्याचा उंट ए8 च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी5 वर आणून त्यालाच भिडवला. त्या कर्णावरून निसटायला डिंगच्या उंटाला जागाच नव्हती. उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जादा प्यादं पुरेसं ठरलं. 58 व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

अर्थात, दरवेळी एंडगेमपर्यंत गाडी जातेच असं नाही. नाशिकच्या विदित गुजराथीने 2024 च्या कँडिडेट्समध्ये हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी 29 चालींत हरवलं. तिथे उंटाच्या बळीनेच डाव फिरवला.

फोनवर डाव कसा बघाल?

इंजिनचा पट्टा बंद करा. गुकेशचा डाव 54 व्या चालीवर थांबवा आणि पांढऱ्याची पुढची चाल स्वतः शोधा. हत्ती कुठे न्यायचा, यापेक्षा कोणतं मोहरं पटावर ठेवायचं, हे आधी ठरवा.