मैदान कोणाच्या मालकीचं?

परवा भाच्याचा फोन आला. एरवी हा मुलगा व्हॉट्सॅपवर अंगठा दाखवण्यापलीकडे काही बोलत नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे ओळखलंच.

"मामा, बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊन फक्त बीजीएमआयची प्रॅक्टिस करायची म्हणतोय. आई ऐकतच नाहीये. तू बोल ना तिच्याशी."

ताईशी बोलण्याआधी स्वतःशी बोलून घ्यावं म्हटलं. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट कबूल करतो. "हे काय खेळ आहेत का?" हा आपल्या पिढीचा लाडका प्रश्न आता निकालात निघालाय. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होता आणि त्यात तीर्थ मेहताने भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. 2023मध्ये हांगझोऊला तर या खेळांना रीतसर पदकं होती. डिसेंबर 2022मध्ये आपल्या सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले आणि 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स यांची स्पष्ट फारकत केली. म्हणजे भाचा काही जुगार खेळत नाहीये. तासन्‌तास सराव, चौघांचा मेळ, हरल्यावर चुका शोधत बसणं... हे सगळं मी त्याच्या खोलीच्या दारात उभं राहून पाहिलंय.

मग माझी अडचण काय? अडचण अशी की या खेळाला मालक आहे.

क्रिकेटला मालक नाही. बोर्ड श्रीमंत असेल, हेकेखोर असेल, पण उद्या बोर्ड बुडालं तरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली मॅच थांबणार नाही. कबड्डीला तर चुन्याच्या चार रेघा पुरतात. पण बीजीएमआय? पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020मध्ये बंदी आली. जुलै 2021मध्ये तो बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै 2022मध्ये सरकारी आदेशाने अ‍ॅप स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023च्या अखेरीस पुन्हा उगवला. मधले दहा महिने मोठ्या स्पर्धा थंडावल्या. पन्नाशीतल्या माणसाला दहा महिने म्हणजे काहीच नाही. अठराव्या वर्षी, बोटं सर्वांत चपळ असताना, ते फार मोठे असतात.

बरं, दरवेळी सरकारच आडवं येतं असंही नाही. 'हीरोज ऑफ द स्टॉर्म' या गेमच्या व्यावसायिक स्पर्धा ब्लिझर्ड कंपनीने डिसेंबर 2018मध्ये एका घोषणेत बंद केल्या. बंदी नाही, घोटाळा नाही. मालकाचा हिशोब बदलला, बस्स! दक्षिण कोरियात तर 1998च्या 'स्टारक्राफ्ट'भोवती टीव्ही चॅनेल उभे राहिले, समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामने रंगले. पुढे प्रक्षेपणाच्या हक्कांवरून याच ब्लिझर्डचं आणि तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेचं भांडण 2010मध्ये कोर्टापर्यंत गेलं. प्रेक्षक ज्यांनी जमवले ते एकीकडे, आणि गेम ज्याच्या नावावर तो दुसरीकडे.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मोठ्या विजयाने गप्प बसलो. पलीकडून आवाज आला, "मामा, तुझी पहिली कंपनी पण आठवड्याच्या नोटिशीवर बंद पडली होती ना?"

पोरगं हुशार आहे. खरंच पडली होती. पण मग विचार केला, तेव्हा माझ्या हातात काय उरलं होतं? डिग्री, पीएफ, अनुभवाचं पत्र आणि दुसरीकडे चालेल असं काम. मालक गेला तरी मी पुरता उघडा पडलो नव्हतो. गेम खेळणाऱ्या पोराच्या हातात यातलं किती असतं? करार नीट वाचून देणारं कोण असतं? स्पर्धा बंद करण्याआधी अमुक महिने कळवा, ठरलेले पैसे द्या, हे कंपनीला कोण सांगणार? सरकारने खेळ म्हणून मान्यता दिलीच आहे, तर खेळाडूला एवढं तरी संरक्षण द्यायला हवं. मान्यतेचा कागद घेऊन पोटाची सोय होत नाही.

असो. उद्या ताईला फोन करणार आहे. गॅप नको, हे तिचं बरोबर आहे. कॉलेज सुरू ठेवू दे, ते त्याचं अनुभवाचं पत्र समज. पण संध्याकाळचे तीन तास त्याचे. त्या वेळात "बंद कर तो मोबाइल" म्हणून ओरडायचं नाही. आपण त्याला मैदान देऊ शकत नाही, निदान दार तरी वाजवू नये.

ताई, हे वाचत असशील तर फोन उचल.