सानपाड्याच्या सज्जातून : दुसरे गाणे

भाद्रपद लागला की सानपाड्यात आम्हांस पंचांग पाहावे लागत नाही. सायंकाळची आरती आटोपून वसाहतीच्या मंडपातील ध्वनिक्षेपक सुरू झाला, म्हणजे गणपती आले असे खुशाल समजावे. यंदाही पहिल्याच रात्री मुलामुलींनी 'ऐका दाजीबा' लावले. वैशाली सामंत व अवधूत गुप्ते यांचे हे गाणे २००२ सालचे. त्यावर ताल धरणारी बहुतेक मंडळी तेव्हा जन्मासही आली नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीवर बसून हा सोहळा पाहत होते. गाणे संपताच ते आमच्याकडे वळून म्हणाले, "अहो, ह्या बाईंनी पुढे काय गायिले?"

आम्ही सांगितले की, पुढे पुष्कळच गायिले. 'जत्रा' चित्रपटातील 'कोंबडी पळाली' हे त्यांनी आनंद शिंदे यांच्यासह गायिलेले गाणे तर ह्याच मंडपात उद्या वाजेल. आजोबांनी मान डोलावली. परंतु त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. प्रश्न वैशालीबाईंविषयीचा नव्हता, हे आमच्या ध्यानात यावयास थोडा वेळ लागला.

आजोबांच्या नातीने दोन वर्षांपूर्वी एक गाणे स्वतः चाल लावून गायिले आणि घरूनच प्रसिद्ध केले. हल्ली त्याला ना कंपनी लागते, ना स्टुडिओ. ते गाणे मोबाईलवरून घरोघर पोहोचले. कोठे लग्नाला गेले तरी लोक त्या मुलीस ओळखू लागले. त्यानंतर मात्र तिने काहीच बाहेर काढले नाही. ती नोकरीस जाते, सकाळी तानपुरा लावून बसते, आणि विचारणाऱ्यास "पाहू" एवढेच उत्तर देते. अशात गेल्या महिन्यात एक स्थळ चालून आले. मंडळी सुशिक्षित, मुलगा उत्तम शिकलेला. अट एवढीच की, गाणे घरापुरते असावे. "एकदा नाव झाले, ते पुरे," असे त्यांचे म्हणणे. आजोबांचा हिशेब सरळ होता. "तिच्यापाशी दुसरे गाणे असेल, तर ह्या स्थळास नकार देण्याइतके आम्ही खंबीर आहो. पण नसेल, तर चांगले स्थळ हातचे का घालवावे? आणि दोन वर्षे गप्प आहे, ह्याचा अर्थ काय घ्यावा?"

ह्या शेवटच्या प्रश्नावरच आम्ही आज लिहिणार आहो. कारण तो एका घराचा नाही. ज्या घरातील मुलीचे पहिले गाणे, पहिले पुस्तक किंवा पहिले चित्र लोकांस आवडले आहे, त्या प्रत्येक घरी तो केव्हा ना केव्हा विचारला जातो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिले गाणे हे एका दिवसात झालेले नसते. बालपणापासून कानांवर पडलेले, वहीत टिपलेले, गुरूपाशी घोटलेले असे जे वीस वर्षांचे संचित असते, ते सारे त्यात ओतलेले असते. दुसऱ्या गाण्यास तेवढी वर्षे कोण देतो? लोक म्हणतात, सहा महिन्यांत आणा. आणि शिवाय पहिल्यासारखेच आणा. पहिल्यासारखे आणले, तर तेच लोक म्हणतात, नवीन काय केले? निराळे आणले, तर म्हणतात, पूर्वीची गोडी राहिली नाही. पहिल्या गाण्याच्या वेळी मुलीस कोणी ओळखत नव्हते, म्हणून ती निर्भय होती. दुसऱ्याच्या वेळी लाखो कान तिच्या दाराशी येऊन बसलेले असतात. अशा स्थितीत जी उगाच काहीतरी बाहेर न काढता गप्प राहते, तिचे ते गप्प राहणे रितेपणाचे असेल किंवा विवेकाचेही असेल. बाहेरून ते कळत नाही.

आपल्याकडील जुने उदाहरण घेऊ. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात केशवराव भोळे यांच्या चालींवर ज्योत्स्नाबाई भोळे गायिल्या. गोव्यातील बांदिवडे हे त्यांचे जन्मगाव. वय त्या वेळी अवघे एकोणीस. रात्र रात्र चालणाऱ्या पदांची सवय असलेल्या प्रेक्षकांस त्यांचे ते थोडक्यात संपणारे, शब्दांस जपणारे गाणे अगदी नवीन वाटले आणि अतिशय आवडले. रंगभूमीवर पहिल्या पावलास असे यश फार थोड्यांस लाभते. परंतु आज ज्योत्स्नाबाईंचे नाव निघताच जुन्या पिढीस जे प्रथम आठवते, ते 'कुलवधू'. ते नाटक मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने १९४२ साली आणले. त्यास संगीत मास्टर कृष्णरावांचे, आणि त्यातील 'बोला अमृत बोला' ही भैरवी ज्योत्स्नाबाईंची. दोहोंमध्ये नऊ वर्षांचे अंतर. त्या काळात भावगीते, ध्वनिमुद्रिका, मैफली हे चालूच होते. पण पहिल्या यशाच्या तोडीचे दुसरे यश नऊ वर्षांनी आले, आणि आले ते पहिल्याची नक्कल म्हणून नव्हे. १९३४ साली जर कोणी हिशेबाची वही उघडून "आता पुढचे कोठे आहे?" असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते?

'कुलवधू'चा विषयही येथे आठवण्याजोगा आहे. त्यातील भानुमती चित्रपटात काम करून नाव मिळविते, आणि तिच्या त्या नावलौकिकाने पतीचा अभिमान दुखावतो. आपल्या पांढरपेशा घरांनी ते नाटक डोक्यावर घेतले, त्यातील पदे दिवाणखान्यात वाजविली. परंतु आपल्याच सुनेने गावयास बाहेर पडावे की नाही, हा प्रश्न आला की तीच घरे त्या पतीच्या बाजूस जाऊन बसत. कलेचा आनंद घ्यावा, कलावतीची झळ मात्र आपल्या उंबरठ्यास लागू नये, ही आमची जुनी रीत. "गाणे घरापुरते असावे" ही अट तिचीच धाकटी बहीण आहे, असे आम्हांस वाटते.

गप्प राहण्याचे दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. किशोरीताई आमोणकर यांचा आवाज तरुणपणी काही काळ पूर्णपणे गेला होता. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या आईपाशी जयपूर घराण्याची तालीम घेतलेल्या, उमेदीत असलेल्या गायिकेवर ही आपत्ती. औषधोपचारांनी आवाज परत आला. आणि मधल्या त्या सक्तीच्या मौनात गाण्याविषयी केलेल्या चिंतनाचा पुढे त्यांच्या गायकीस उपयोग झाला. त्या महिन्यांत बाहेरच्या माणसास काय दिसले असते? एक न गाणारी गायिका. दुसरे काही नाही.

अलीकडचे उदाहरण आमच्या वाचकांनी घरात बसून पाहिलेले आहे. 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ह्या स्पर्धेची अंतिम फेरी फेब्रुवारी २००९ मध्ये झाली. कार्तिकी गायकवाड विजयी झाली. तिच्याबरोबर आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे व रोहित राऊत ही मुले महाराष्ट्राच्या घराघरांतील झाली. परीक्षक होते वैशाली सामंत व अवधूत गुप्ते, म्हणजे आमच्या मंडपातील त्या गाण्याचीच जोडी. लहान वयातील यश हे सर्वांत अवघड. कारण लोकांचे प्रेम बसते ते बालस्वरावर, आणि बालस्वर तर राहावयाचा नाही. आर्याचेच पाहा. स्पर्धेच्या वेळी ती चौदा वर्षांची होती. गाणे व शिक्षण दोन्ही चालू ठेवून २०१७ साली 'ती सध्या काय करते' ह्या चित्रपटात ती अभिनेत्री व गायिका अशा दोन्ही नात्यांनी पुढे आली, आणि 'हृदयात वाजे समथिंग' हे गाणे तरुण मंडळींच्या तोंडी बसले. एका परकरातील मुलीच्या जागी लोकांनी एक प्रौढ आवाज स्वीकारला. त्यास आठ वर्षे लागली. पुढे २०२१ साली त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात ही पाचही मुले परीक्षकांच्या आसनावर बसली. घरच्या मंडळींनी मधल्या काळात "आता पुरे" म्हटले असते, तर हे काहीच घडले नसते.

ज्यास आज पॉप संगीत म्हणतात, म्हणजे लोकप्रियतेवरच ज्याचे जगणे आहे असे संगीत, त्याच्या जगात तरी घाई केल्यावाचून चालते काय? इंग्लंडच्या अडेल ह्या गायिकेने आपला पहिला गीतसंग्रह २००८ साली काढला, दुसरा २०११ साली. दुसऱ्याने जगभर कीर्ती केली. त्याच वर्षी तिच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, पुढल्या वर्षी ती आई झाली, आणि तिसरा संग्रह निघावयास २०१५ चा नोव्हेंबर उजाडला. जवळजवळ पाच वर्षे! तेवढ्यात लोक विसरले काय? त्या संग्रहाच्या पहिल्याच आठवड्यात एकट्या अमेरिकेत ३३ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

परंतु केवळ सोयीची उदाहरणे देणे हा प्रामाणिकपणा नव्हे. अमेरिकेच्या लॉरिन हिल हिने १९९८ साली एकटीचा पहिला संग्रह काढला. १९९९ साली त्यास ग्रॅमी पारितोषिकांतील वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहाचा मान मिळाला. तिच्या पदरी त्या रात्री एकूण पाच पारितोषिके पडली. २००२ साली तिच्या एका मैफलीचे ध्वनिमुद्रण निघाले. परंतु स्टुडिओत तयार केलेला एकटीचा दुसरा संग्रह पुढील पंचवीस वर्षांत आला नाही. तेव्हा दुसरे गाणे येतेच, असे आश्वासन आम्ही कोणास देऊ शकत नाही. मात्र त्यामुळे तिचा पहिला संग्रह खोटा ठरला नाही; तो आजही आदराने ऐकला जातो.

हे सांगत असता आम्हांस आमच्याच गावाची आठवण होते. सिडकोच्या इमारती उठण्यापूर्वीपासून सानपाडा हे आगरी-कोळ्यांचे गाव. त्यांच्या लग्नांत धवलारीण बोलावतात. विधीगणिक धवले गाऊन ती लग्न पुरे करते. तिला पहिले गाणे कोणते आणि दुसरे कोणते, हे कोणी विचारीत नाही. किती जणांनी ऐकले हेही मोजीत नाही. लग्न निघाले की ती गाते, कारण तिच्यावाचून कार्य उभे राहत नाही. आकडे मोजण्याचा रोग आपला, शहरातल्यांचा. मोबाईलच्या पडद्यावर प्रत्येक गाण्याखाली श्रोत्यांची संख्या छापून येते, म्हणून आपण मुलीच्या गाण्यास परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखे पाहू लागलो.

आजोबांस आम्ही जे सांगितले, ते सर्व वाचकांसाठी येथे नमूद करतो. मुलीपाशी दुसरे गाणे आहे की नाही, ह्यावर तिच्या लग्नाचा निर्णय टांगू नये. असले तर गाऊ द्यावे, नसले तर गप्प बसू द्यावे; परंतु "पुरे" हा शब्द तिच्या तोंडून यावा, दुसऱ्याच्या नव्हे. जी अट आज गाण्यास लागू झाली, ती उद्या वाचनास, मैत्रीस, माहेरी येण्यासही लागू होऊ शकते. घराने करावयाचे ते थोडेच आहे. सकाळचा एक तास तिचा, आणि त्या तासात तिला कोणी हाक मारू नये. पाहुण्यांसमोर पहिलेच गाणे म्हणावयास लावू नये. "नवीन काय?" हे जेवताना विचारू नये. आणि मुख्य म्हणजे, तिच्याविषयी शेजाऱ्यांस विचारण्यापूर्वी तिलाच विचारावे.

हे शेवटचे वाक्य आजोबांस थोडे लागले असावे. ते काही न बोलता उठले. गौरी-गणपती गेले. परवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या दाराशी ते भेटले. नात बरोबरच होती, तिकिटांच्या रांगेत उभी. ते हळूच म्हणाले, "विचारले हो तिला. म्हणाली, आजोबा, आहे. पण अजून माझ्या मनासारखे झालेले नाही." मग जरा थांबून म्हणाले, "त्या मंडळींस पत्र घातले आहे. अट काढून घेता येईल काय, एवढेच विचारले. नाही म्हणाले तर नाही."

पत्राचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. वरच्या मजल्यावर सकाळी तानपुरा लागतो, एवढे मात्र आमच्या सज्जात ऐकू येते.