व्यापारचिन्ह आणि लहान दुकानदार

पुण्यांतील ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहावर त्याच नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २०११ सालीं दावा लावला. कंपनीचें भारतांतील पहिलें दुकान २०१४ सालीं उघडलें. पुण्याचें उपाहारगृह त्यापूर्वीं वीसांहून अधिक वर्षें चालत होतें. या कारणास्तव पुणें जिल्हा न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें दावा फेटाळला. पण त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांस तें नांव वापरण्याची मनाई केली, व मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईस स्थगिती दिली. मालकांची नुकसानभरपाईची मागणी तर पुराव्याअभावीं आधींच नामंजूर झालेली. तेरा वर्षें लढून पहिला डाव जिंकला, आणि पदरीं पडलें काय? पुढचें न्यायालय!

हें पुण्याचें दुखणें आहे, असें वरठीच्या व्यापाऱ्यानें समजूं नये. भंडारा रोड स्टेशनावरून जाणारी तांदळाची गोणी काय किंवा विडीचा कट्टा काय, नांवावरच विकला जातो.

नोंदणी महाग नाहीं. लहान उद्योजकास एका वर्गासाठीं ऑनलाइन अर्जास ४,५०० रुपये पडतात व नोंद दहा वर्षें टिकते. खरी गोम पुढेंच आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणासहि २,७०० रुपये भरून हरकत घेतां येते. हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर न गेल्यास अर्ज सोडून दिला, असें कायदाच धरतो. मोठ्या कंपनीस ही रक्कम चहापाण्याची. लहान दुकानदार इंग्रजी नोटीस पाहूनच गारठतो. जुन्या वापराचा हक्क कायदा मानतो खरा, पण त्यास जुनीं बिलें व वह्या लागतात. आमचे व्यापारी लक्ष्मीपूजनास चोपडीस हळदकुंकू वाहतात, आणि चार वर्षांनीं तीच रद्दींत घालतात!

नकली मालावर फिर्याद करावी, तर जप्तीपूर्वीं पोलिसांस रजिस्ट्रारचें मत घ्यावें लागतें. तोंवर माल पुढच्या बाजारीं पोंचलेला असतो. दावा भंडाऱ्यास लावतां येतो, एवढी सोय कायद्यानें ठेविली आहे.

आमच्या मतें हरकतीची नोटीस मराठींतूनहि मिळावी आणि उत्तराची मुदत वाढावी. बौद्धिक संपदेचें शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरास, म्हणजे वरठीहून दोन तासांच्या आंत आहे. तिचे अधिकारी वर्षांतून एकदां तरी भंडाऱ्याच्या बाजारपेठेंत येऊन बसावेत. सरकार हालेपर्यंत व्यापारी मंडळानें एक शिकलेला तरुण नेमून दर सोमवारीं व्यापारचिन्हांचें जर्नल वाचून घ्यावें. तें फुकट मिळतें.