दवाखाना कधी काढणार?

नवरात्रात आमच्या ताईचा फोन आला. "तू ये आणि पोरीला दोन शब्द सांग. माझं ऐकत नाही," एवढे बोलून तिचा आवाज भरून आला. मी तसाच निघालो. २०२० साली उड्डाणपूल झाल्यापासून मनीषनगर गाठणे सोपे झाले आहे. पूर्वी तिथल्या रेल्वे फाटकाशी ताटकळताना माणसाचा राग निम्मा उतरत असे. या खेपेला मी तापलेलाच पोचलो.

भाची डॉक्टर झालेली, नागपूरच्याच मेडिकलमधून. भावजी गेल्यावर ताईने शिकवण्या घेऊन तिला शिकवले आणि दवाखान्यासाठी घराजवळ एक गाळा हेरून विसारही दिला. आणि आता पोरगी म्हणत होती, एम. डी. करायचे नाही, सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यधोरण शिकायचे!

"अगं, डॉक्टर होऊन कारकुनी करणार का?" मी सुरुवात केली.

"मामा, कोपऱ्यापर्यंत डॉक्टरांच्या पाट्या किती, मोजल्यात?"

मोजल्या नव्हत्या. सात होत्या म्हणे.

मग तिने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गोष्ट काढली. नावे मला ठाऊक होती. पण हे दोघे तिच्याच कॉलेजचे आणि १९८४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हेच सार्वजनिक आरोग्य शिकून पुढे गडचिरोलीला गेले, हे ठाऊक नव्हते. तिथे राणीबाईंनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची! १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच सरकारदरबारी समजूत. खरेच आहे, दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला आलेला रोगी दिसतो. न आलेला दिसायचा कसा?

पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन तान्ह्या बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत.

"इंजेक्शन? जेमतेम शाळा शिकलेल्या बाईने?" मी ताडकन म्हणालो. (माझ्या नातवाला कंपाउंडरने टोचले तरी मी भांडतो.)

"बाळ दोन दिवसांचं, डॉक्टर कोसभर नाही. कोण टोचणार, तुम्ही?"

मी चहा घेतला. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून केंद्र सरकारने बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशाताईंवर सोपवले. मधली बारा वर्षे मात्र मला खुपली. इतके स्पष्ट आकडे असताना बारा वर्षे?

"तेच तर शिकायचंय मामा. गावात सिद्ध झालेलं मंत्रालयात का अडतं ते."

इतक्यात भांडी घासणाऱ्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "आमच्या नातवाले पाहाले आशाताई सहा खेपा आल्या न् बाई. दर टायमाले वजन करे." आणि पुन्हा नळाकडे गेल्या.

ताई काही बोलली नाही. मला अजूनही वाटते, पोरीने आधी दोन वर्षे रोगी तपासावेत, मग धोरणे. तसे मी बोललोही. त्यावर आधी वर्षभर आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम, मग शिक्षण, असे ती कबूल झाली. नुसते माझे मन राखण्यासाठी झाली असेल, कोण जाणे.

निघताना ताई जिन्यापर्यंत आली. "तू बोलायला चांगला आहेस," हळूच म्हणाली, "त्या गाळेवाल्याकडून विसार परत मिळतो का बघ."