जुना संगणक मोडीत का काढावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नियमितपणे मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराची तात्पुरती सवलत जाहीर झाली खरी. परंतु कंपनीचा इशारा स्पष्ट आहे. विंडोज ११ घ्या, आणि तिच्यासाठी गरज पडल्यास संगणकही नवा घ्या! ही नवी प्रणाली साधारणतः २०१७ च्या अखेरीनंतरचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था मागते. त्यामुळे ज्याचा एकही भाग बिघडलेला नाही असा संगणक केवळ कंपनीच्या वेळापत्रकानुसार निकामी ठरतो.

या निर्णयाची झळ कोणाला लागते? सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात हे सारे आता इंटरनेटवर आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. ‘प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहेच की’ असे सांगून हा प्रश्न उडवून लावला जातो. परंतु मोबाइलवर चित्रफिती पाहता येतात. प्रकल्प-अहवाल लिहिणे, हिशेबाचा तक्ता करणे वा प्रोग्रॅमिंग शिकणे त्यावर जिकिरीचे होते. कष्टकरी कुटुंबातील मुलाला केवळ ग्राहक करायचे नसेल, तर त्याच्या घरी कळफलक असलेला संगणक हवा. तो जुना असला तरी चालेल.

जुन्या संगणकावर इंटरनेट रेंगाळते, ही तक्रार खरी आहे. पण दोष नेमका कोठे आहे ते आधी पाहिले पाहिजे. अनेक जुन्या संगणकांचे वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे, मायक्रोवेव्ह भट्टी यांची तेथेच गर्दी असते. अशा वेळी राउटरपासून संगणकापर्यंत साधी इथरनेट केबल टाकावी. जुन्या संगणकाच्या जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला १०० मेगाबिट असली तरी ४० वा ६० मेगाबिटच्या घरगुती योजनेला ती पुरून उरते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ४० मेगाबिटच्या योजनेवर सेकंदाला पाच मेगाबाइटच उतरत असतील, तर त्यात बिघाड नाही.

केबल टाकूनही पान उघडण्यास विलंब लागत असेल, तर दोष बहुधा संगणकाच्या स्मृतीचा असतो. आजचा ब्राउझर दोन गिगाबाइट रॅम सहज गिळतो. रॅम चार वा आठ गिगाबाइटपर्यंत वाढविणे आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे, एवढ्याने जुन्या यंत्राला नवी उमेद येते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालता येते. तिला परवाना-शुल्क नाही, सुरक्षा-दुरुस्त्या मोफत मिळतात आणि मराठीत टंकलेखनही करता येते. मात्र प्रणाली बदलण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलण्यास विसरू नये.

आणखी एक ओझे आहे, ते जाहिरातींचे. बातमीचे एखादे पान उघडताच तिच्याबरोबर जाहिराती आणि वाचकावर पाळत ठेवणारे प्रोग्रॅमही येतात. डेटाचे पैसे वाचकाने भरायचे, संगणक वाचकाचाच राबवायचा, आणि नफा दुसऱ्याने न्यायचा, असा हा व्यवहार आहे! फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे मोफत साधन बसविले की हा भार पुष्कळच हलका होतो.

प्रत्येक जुने यंत्र वाचविता येईल, असा आमचा दावा नाही. ३२-बिटच्या संगणकांना प्रमुख लिनक्स प्रणालींचाही आधार आता सुटत चालला आहे. काही जुनी यंत्रे वीजही अधिक खातात. परंतु हा निवाडा यंत्र तपासून व्हावा; विक्रेत्याच्या सोयीने नव्हे.

शिवाय ही सारी कामे एकेका कुटुंबाच्या हिकमतीवर सोडून चालणार नाही. केरळने शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. जून २०२३ मध्ये तेथे के-फॉन ही सार्वजनिक जाळ्याची योजना सुरू झाली. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट तिने समोर ठेवले. महाराष्ट्रात निदान एवढे तरी व्हावे: सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी बाद केलेले संगणक लिलावात भंगारवाल्याला देण्यापूर्वी तपासावेत, दुरुस्त करावेत आणि वाचनालयांना, वस्त्यांतील अभ्यासिकांना द्यावेत. युवक संघटनांनी रविवारची दुरुस्ती-शिबिरे भरवावीत. पेचकस, केबल आणि लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह एवढ्या भांडवलावर हे काम उद्यापासून सुरू होऊ शकते. ज्ञानाचे साधन कोणाच्या हाती किती काळ राहावे, हे ठरविण्याचा अधिकार बाजाराकडून परत घेण्याची ती सुरुवात ठरेल.