पिवळा दिवा लुकलुकला तर

हे सदर घरखर्च, हप्ते आणि अर्ज-विनंत्यांचे आहे, मोटारीच्या इंजिनाचे नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल आज गाडीच्या चाकावर चालते. कुणी टुरिस्ट गाडी चालवतो, कुणी कंपनीचा स्टाफ ने-आण करतो. गाडी चार दिवस उभी राहिली की हप्ता थकतो. म्हणून आजचा लेख.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक ड्रायव्हर पतपेढीच्या कर्जाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. रक्कम ४२ हजार, कारण 'गाडी दुरुस्ती'. गाडी जुनी घेतलेली, २०१६ सालची, चार सिलिंडरची, सीएनजीवर चालणारी. चढावर झटके मारायची, पिकअप गेलेला, आणि मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायचा. एका गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढून परत लावली, दिवा गेला, दोन दिवसांत परत आला. मग त्यानेच सांगितले, "ईसीएम गेला, इंजिनचा कॉम्प्युटर बदलावा लागेल."

मी विचारले, "स्कॅनर लावला होता ना? नंबर काय आला?"

"नंबर काय माहीत नाय दादा. त्यानं बघितलं आणि आकडा सांगितला."

मी मोटार मेकॅनिक नाही, कारकून आहे. पण कोटेशनला कारण जोडलेले नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, एवढे मला कळते. त्याला म्हटले, आधी नंबर कागदावर घेऊन ये. त्याची भाची आयटीआयला मेकॅनिक मोटार व्हेईकलचा ट्रेड शिकते. घरात पोरगी तयार असताना मामा परक्याच्या दारात! असो. रविवारी ती आली. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तिने काडेपेटीएवढे यंत्र लावले आणि मोबाईलवर नंबर वाचला: पी ०३०२.

आता हा नंबर वाचायचा कसा ते तिने मला सांगितले, ते तुम्हाला सांगतो. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला नंबर. त्यापुढचा तीन म्हणजे ठिणगी किंवा मिसफायर, आपले मेकॅनिक ज्याला 'मिस मारणे' म्हणतात ते. शेवटचा दोन म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी ०३०१ आला तर पहिला, ०३०४ आला तर चौथा. ०३०० आला तर एकच सिलिंडर धरता येत नाही, मिस इकडे-तिकडे होत आहे. अशा वेळी सगळ्या सिलिंडरांना सामाईक गोष्टी आधी पाहतात, म्हणजे इंधनाचा दाब, हवेचा फाटलेला पाइप वगैरे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली, आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली.

कॉम्प्युटरला मिस कळतो कसा? इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाने क्रँकला धक्का मिळतो. एखादा स्फोट झाला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो, आणि क्रँकजवळचा सेन्सर ते टिपतो. म्हणजे कॉम्प्युटर फक्त कोणता सिलिंडर कामावर आला नाही एवढेच लिहितो. का आला नाही, ते लिहीत नाही. आमच्या तेरजेसारखेच आहे हे. जमा-नावे जुळत नाही एवढे ती दाखवते, चुकलेली नोंद कारकुनालाच शोधावी लागते. म्हणून 'नंबर आला, पार्ट बदला' असे जो म्हणतो त्याला थांबवावे.

पोरीने काय केले? इंजिन बंद करून थंड होऊ दिले. (चालू इंजिनवर कॉइल ओढू नये, तिच्यात हजारो व्होल्ट असतात.) दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर. नंबर पुसला आणि मामाला गॅसवर गाडी स्टेशनपर्यंत नेऊन आणायला सांगितली. परत आल्यावर नंबर आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला! कॉम्प्युटर बिचारा शाबूत होता. दोष दोनवरच राहिला असता तर असाच प्लग अदलाबदल करून पाहिला असता, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन.

प्लगही तिने काढून दाखवले. गाडी घेतल्यापासून ते बदललेलेच नव्हते. टोके झिजून फट वाढली होती. फट वाढली की ठिणगी पाडायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि शेवटी कॉइल बसते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून कॉइल-प्लग कमजोर झाले की गाडी आधी गॅसवर झटके मारते, पेट्रोलवर बरी चालते. पण पेट्रोलवर ठीक आणि गॅसवरच मिस असेल तर गॅसचे इंजेक्टर आणि फिल्टरही पाहावे लागतात. उलट केवळ पेट्रोलवर मिस असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर संशयित. गॅसच्या जाड दाबाच्या नळीला मात्र घरी हात लावू नये. तिच्यात २०० बारपर्यंत दाब असतो, ते काम अधिकृत माणसाचेच.

एक कॉइल, चार प्लग, पाच हजारांच्या आत काम झाले. ४२ हजारांचा अर्ज मी त्याच्यासमोर फाडला. तो हसला, पण पोरगी हसली नाही. तिने विचारले, "मामा, दिवा लुकलुकत असताना किती दिवस चालवली?"

आठ दिवस.

हे भगिनींनीही लक्षात ठेवावे, कारण गाडीत शेजारी त्याही बसतात. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. लुकलुकत असेल तर वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि तो आतून तापून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट. ऑइलचा तांबडा दिवा लागला तर मात्र इंजिन ताबडतोब बंद, एक फर्लांगही पुढे नाही.

आणखी एक. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू देऊ नका. नंबर पुसला जातो, आणि त्याबरोबर दोष घडला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते ही साठवलेली माहितीही जाते. आधी नंबर लिहून घ्यावा, बिलावर घालायला सांगावे आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. तो आपल्या पैशाचा आहे, मागायला लाजू नये.

दोन महिन्यांनी त्याच गाडीचा दिवा पुन्हा लागला. या वेळी स्थिर. नंबर पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करत नाही. ड्रायव्हर नवा अर्ज भरूनच आला. भाची म्हणते, सायलेन्सरचा जॉइंट गळत असेल किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तरी हाच नंबर येऊ शकतो, आधी ते पाहू. येत्या रविवारी गाडी वर घ्यायची आहे. तोवर अर्ज माझ्या खणातच आहे, फाइलला लावलेला नाही.